चाचांचे पॅकिंग

मी तंबोरा बनवत नाही आणि मला तो वाजवताही येत नाही. तरीही माझे घर कित्येक वर्षे याच वाद्यावर चालले आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर वाद्ये घडवतात आणि ती परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या हाती धडपणे पोचवण्याचे काम माझ्याकडे असते. पत्रव्यवहार, पैशांची आवक, कस्टमचे कागद, विमा, पॅकिंगवर देखरेख आणि माल पोचल्यानंतर काही आठवडे येत राहणारे फोन, हे सगळे त्यात आले. यातले जे मोलाचे आहे ते मला पॅकिंगच्या पेट्या बांधणाऱ्या एका सुताराने शिकवले. गल्ली त्यांना चाचा म्हणते, मीही चाचाच म्हणते. आपले नाव छापून यावे असे त्यांना आवडणार नाही, म्हणून इथेही ते चाचाच राहतील. आता त्यांची नजर अधू झाली आहे आणि काम मुलाने हाती घेतले आहे. ते आहेत तोवर हे लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते.

मी बी.कॉम. होऊन गल्लीतल्या एका दुकानात लागले ते इंग्रजीत ईमेल लिहिण्यासाठी. मिरजेत वाढलेल्या कुणालाही असते तेवढी माहिती मला होती. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दांडी आणि तबली तुनाच्या लाकडाची असते, अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दर उरुसाला गाणे होते. वाद्य घडेपर्यंतची गोष्ट अशी सगळ्यांना पाठ असते. ते दुकानाच्या पायरीवरून खाली उतरल्यावर त्याचे काय होते, हे कुणी सांगितले नव्हते आणि मलाही विचारावेसे वाटले नव्हते.

माझी समजूत अशी होती की परदेशी व्यवहार म्हणजे इंग्रजी आणि कागद. निर्यातीचा परवाना क्रमांक, बँकेकडून मिळणारा एडी कोड, शिपिंग बिल, तंतुवाद्यांसाठीचा 9202 हा कस्टमचा वर्ग हे मी भराभर शिकले आणि मालकांना माझे कौतुक वाटू लागले. पॅकिंग मात्र मी हिशेबात धरत नव्हते. ते मागच्या बोळात होई. तिथे प्लायवुडच्या थप्प्या, फोमचे तुकडे आणि भुसा असे, आणि चाचा जमिनीवर बसून पट्ट्या कापत असत.

त्यांच्याशी माझे पहिले खरे बोलणे वादानेच झाले. पावसाळ्याचे दिवस होते. जर्मनीला जाणारा एक तंबोरा तयार होता, विमानाची जागा पक्की झाली होती आणि चाचा पॅकिंग करायला तयार नव्हते. मी तारीख दाखवली. त्यांनी अंगठा भोपळ्यावर हलकेच टेकवून उचलला आणि म्हणाले, "लाख कच्ची आहे, ताई. आज गुंडाळलं तर तिकडं कापडासकट सोलून निघंल." मला ते वरवर कोरडे दिसत होते. त्यांनी आतून एक जुना तुकडा आणला. पॉलिश केलेल्या लाकडावर बबल प्लास्टिकच्या गोल गोल खुणा कायमच्या उमटल्या होत्या. लाखेचे पॉलिश उष्णतेने मऊ होते. ट्रकमध्ये, गोदामात, विमानतळावर उन्हात पडलेल्या पेटीत ते पुन्हा हळवे होते आणि जे चिकटून असेल त्याचा ठसा धरते. शिवाय दमट हवेत बंद केलेली पेटी तो ओलावा आतच घेऊन जाते आणि भोपळ्याला आतून बुरशी लागते.

"मग मी त्यांना काय कळवू?" मी विचारले.

"हेच कळव. पॉलिश वाळायला वेळ लागतोय म्हण. खरं सांगितलं की माणूस थांबतो. आधी सांगायचं, मात्र."

मी तसे लिहिले, ते गृहस्थ थांबले, आणि वाट पाहायला लावल्याबद्दल त्यांनी उलट आभार मानले. त्या दिवसापासून मी मागच्या बोळात जाऊन बसू लागले.

चाचा पेटी भरत असत तो क्रम मला आजही हाताने करून दाखवता येईल. आधी तारा सैल करायच्या, पण पूर्ण सोडायच्या नाहीत. चारही सारख्याच उतरवायच्या. मग तबलीवर घोडीच्या चारी कडांना पेन्सिलीची बारीक खूण करून घोडी काढून घ्यायची, कारण पेटीला दणका बसला तर तारांखालची घोडी घसरून तबलीवर चरा ओढते. घोडी, जवारीचे सूत आणि मणी वेगळ्या कापडी पिशवीत, आणि पिशवी दांडीला बांधलेली, म्हणजे गवतात सुई हरवल्यासारखी ती फोमात हरवत नाही. तारा आणि तबली यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी. मग अंगभर धुतलेले जुने सुती कापड, बहुतेकदा धोतराचे. वर्तमानपत्र कधीच नाही, शाई पॉलिशला लागते. प्लास्टिक आले तरी ते कापडाच्या वर.

खरी विद्या होती ती वाद्य पेटीत बसवण्याची. भोपळा म्हणजे वाळलेली साल, आतून पोकळ. भोपळ्याला दांडीशी जोडणारा गळा ही तंबोऱ्याची सर्वांत नाजूक जागा. खाली आपटले की धक्का भोपळ्यातून गळ्यात जातो आणि सांधा सुटतो. चाचा भोपळ्याला पेटीच्या तळावर टेकूच देत नसत. दांडीला दोन ठिकाणी आणि गळ्याच्या अलीकडे फोम लावलेल्या लाकडी कमानी करत, वरून तशाच कमानी बसवत, आणि भोपळा या आधारांवर अधांतरी राहील अशी मापे घेत. भोपळ्याभोवतीचा फोम फक्त हेलकावा अडवण्यापुरता. "हललं नाही पाहिजे आणि आवळलंही नाही पाहिजे," असे म्हणत ते तळहात भोपळा आणि फोम यांच्यामध्ये सरकवून पाहत. हात सहज गेला तर सैल, अजिबात गेला नाही तर घट्ट. झाकण लावण्याआधी ते पेटी दोन्ही बाजूंनी कलती करून कान लावत. आतून कसलाही आवाज येता कामा नये. एकदा भोपळ्यात राहिलेली एकच बी खुळखुळली म्हणून त्यांनी सगळे उलगडून वाद्य कारागिराकडे परत पाठवले. ते पार्सल ऑस्ट्रेलियाला जायचे होते. तिथे बी, साल, पेंढा असले काही आढळले की माल अडकतो, हे त्यांना एका जुन्या पेटीवरून माहीत होते.

झाकणाला ते खिळे मारत नसत, स्क्रू लावत. खिळे स्वस्त आणि झटपट, म्हणून मी एकदा विचारलेच. त्यांनी सांगितले की मुंबईत सहार विमानतळावर किंवा पलीकडच्या देशात कस्टमवाल्यांनी पेटी उघडायची ठरवली तर ते उघडणारच, तो त्यांचा अधिकार आहे. खिळे असतील तर पहार घालतील, झाकण फुटेल, आणि मग ते परत नीट कसे लागणार? म्हणून स्क्रू, तेही एकाच जातीचे. झाकणावर मोठ्या अक्षरात 'इथून उघडा' असे इंग्रजीत लिहायचे काम त्यांनी मला दिले. पुढे आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला आत काय कसे ठेवले आहे याची छायाचित्रे चिकटवू लागलो, म्हणजे तपासणाऱ्याला सगळे पुन्हा जसेच्या तसे ठेवता यावे. ही कल्पना माझी, असे चाचा सगळ्यांना सांगत. खरे म्हणजे त्यांचेच वाक्य मी कागदावर उतरवले होते. पेटी हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाची ते अशी आधी सोय पाहत. दोन्ही टोकांना दोराच्या मुठी, म्हणजे ती दोघांनीच उचलावी लागते आणि एकट्याच्या हातून पडत नाही. खाली दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे ट्रॉलीचे पाते सहज खाली जाते. काचेच्या पेल्याचे चित्र तेही लावत, पण त्यावर विसंबत नसत.

त्या काळात दुकानाला एका परदेशी गिऱ्हाइकाची मोठी मागणी आली. एकदम अनेक सतारी आणि तंबोरे, किमतीवर घासाघीस नाही. बिलापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे आमच्या वाहतूकदाराला परस्पर द्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. मी हरखून गेले होते. पेट्यांची मापे द्यायला बोळात गेले, तेव्हा चाचांनी एकच गोष्ट विचारली: "सूर कुठला मागितलाय?"

पत्रात सुराचा उल्लेखच नव्हता. पुरुषाच्या आवाजासाठी काळी एक, काळी दोन, बाईच्या आवाजासाठी काळी चार, पाच, हे ठरल्याशिवाय तंबोऱ्याचा भोपळा निवडता येत नाही आणि तारांची जाडीही ठरत नाही. इतके तंबोरे घेणारा माणूस एकदाही सूर विचारत नाही, जवारी कशी आहे म्हणत नाही, उजव्या हाताची सतार की डाव्या हाताची हेही सांगत नाही. चाचा म्हणाले, "याला वाद्य नकोय, ताई." मी मालकांना सांगून बँकेत चौकशी केली. परदेशी चेक खात्यात जमा दिसला तरी तो काही आठवड्यांनी न वटता परत येऊ शकतो, आणि तोवर आपण पुढे पाठवलेले पैसे गेलेले असतात, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी समजावले. अशी फसवणूक जगभर चालते. आम्ही उत्तर पाठवले की पूर्ण रक्कम थेट बँकेत आल्यावरच काम सुरू होईल. पुन्हा पत्र आले नाही. तेव्हापासून नवीन गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न सुराचाच विचारते.

2005-06 च्या सुमारास युरोप आणि अमेरिकेने पॅकिंगच्या लाकडाचे नियम कडक केले. कच्च्या लाकडातून किडे एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात आणि तिथली झाडे पोखरतात, म्हणून पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला निदान 30 मिनिटे तापवलेले किंवा औषधाची धुरी दिलेले हवे, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. चाचांचा हात जन्मभर साध्या जंगली लाकडाच्या पट्ट्यांवर बसला होता. या वयात त्यांना हे जड जाईल असे मला वाटले. त्यांनी मला बसवून तो नियम ओळ न ओळ मराठीत सांगायला लावला, मध्येच थांबवून पुन्हा विचारले, आणि त्यात त्यांनीच वाट शोधली. डिंक, उष्णता आणि दाब देऊन बनवलेल्या प्लायवुडला हा शिक्का लागत नाही. त्यांनी आतल्या कमानीसुद्धा प्लायवुडचे थर जोडून करायला घेतल्या. कमानी पूर्वीपेक्षा मजबूत झाल्या. "त्यांच्या झाडांचंही बरोबर आहे की," एवढेच त्यांचे यावरचे मत होते. त्यानंतर नवा नियम आला की कपाळाला आठ्या घालण्याची माझी सवय गेली.

वाद्याच्या अंगावर काय आहे याचीही ते अशीच चौकशी करत. दुरुस्तीला आलेली जुनी सतार परत पाठवायची असली की पहिला प्रश्न, घोडी कशाची? सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर ती पेटीत जाणार नाही. आपल्याकडच्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही आणि पलीकडे अख्खे वाद्यच जप्त होऊ शकते. अशा घोडीच्या जागी दुसरी बसवून, गिऱ्हाइकाला कारण कळवून, मगच माल निघे. 2017 च्या जानेवारीत शिसवी जातीच्या सगळ्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा प्रश्न खुंट्यांपर्यंत पोचला. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्या मधल्या काळात कुठल्या वाद्याला कुठल्या लाकडाच्या खुंट्या आहेत याची वही मी ठेवली, ती चाचांच्या सवयीमुळे.

पैशांच्या बाबतीतही मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि ते माझ्याहून कमी शिकलेले होते. कस्टमची ड्युटी वाचावी म्हणून काही गिऱ्हाइके 'भेटवस्तू' लिहा, किंमत 50 डॉलर दाखवा, असे सुचवतात. दुकानदारांनाही त्यात वावगे वाटत नसे. मी तसे बिल करत असताना चाचा पेटीवर नंबर घालायला आले होते. त्यांनी कागदाकडे पाहून विचारले, "आणि फुटलं तर विमा किती देईल?" मी म्हणाले, जेवढी किंमत लिहिली तेवढाच. ते काही बोलले नाहीत, मी बिल फाडले. पुढे मी गिऱ्हाइकाला खरी किंमतच लिहीन असे पहिल्या पत्रात कळवू लागले. त्याच्या देशात अंदाजे किती कर बसेल, तो कुणी भरायचा, हेही त्यातच. युरोपीय संघाने जुलै 2021 पासून 22 युरोपर्यंतच्या मालाची करमाफी काढली, तेव्हा साध्या तारांच्या पाकिटांवरही कर बसू लागला. आमच्या तारा मागवणाऱ्यांना ते आधीच माहीत होते.

वाहतुकीच्या खर्चाचेही तेच. पुरुषी तंबोऱ्याची पेटी 160 सेंटिमीटर लांब, 50 रुंद, 45 उंच होते. तिचे खरे वजन कितीही कमी असो, कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार 5000 ने भागून वजन धरतात. ते 72 किलो होते. विमान मालवाहतुकीत 6000 ने भागतात, तेव्हा 60. टपालाने तर एवढी लांब पेटी जातच नाही. हे गणित मी चाचांना सांगितले तेव्हा ते दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी घेऊन आले आणि भोपळ्याच्या बाजूला रुंद, खुंट्यांच्या बाजूला अरुंद अशी पेटी करता येईल का ते मोजत बसले. तशी पेटी झालीही, पण माप धरताना सगळ्यांत रुंद बाजूच धरतात हे कळल्यावर ती सोडून दिली. त्यांनी मग कमानींची उंची कमी करून दर बाजूला बोटभर जागा वाचवली. भोपळ्याखालची जागा मात्र तशीच ठेवली. त्यावर तडजोड नव्हती.

रॉटरडॅमला भारतीय संगीत शिकणाऱ्या एका मुलीला आम्ही तंबोरा पाठवला होता. पेटी सुखरूप पोचल्याचे तिने कळवले आणि काही दिवसांनी पुन्हा पत्र आले की तबलीच्या कडेला बारीक चीर दिसते आहे. मी आमचे पॅकिंगचे फोटो काढून उत्तराची तयारी करत होते. दोष आमचा नाही, हे मला दाखवून द्यायचे होते. चाचांना पत्र वाचून दाखवले तर ते म्हणाले, "तिला विचार, पेटी आली तेव्हा थंडी किती होती आणि तिनं ती कधी उघडली." डिसेंबर होता. बाहेरच्या गारठ्यातून आलेली पेटी तिने तापवलेल्या खोलीत हीटरजवळ लगेच उघडली होती. चाचांनी तिला चीर वाढू नये म्हणून काय करायचे ते सांगायला लावले. खोलीत पाण्याचे भांडे ठेव, वाद्य हीटरपासून आणि भिंतीपासून लांब ठेव, तारा काही दिवस उतरवूनच ठेव. तिच्या शिक्षकांच्या ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने ती चीर बुजवली. त्या मुलीने पुढे आपल्या वर्गातल्या दोघांना आमच्याकडे पाठवले.

त्या पत्रानंतर चाचांनी मला एक पत्रक लिहायला लावले, ते आजही आमच्या प्रत्येक पेटीत जाते. पेटी आल्यावर एक दिवस न उघडता घरात ठेवा. घोडी पेन्सिलीच्या खुणांवर बसवा. तारा एका दिवसात सुरात आणू नका, दोन-तीन दिवस घ्या. काही खटकले तर पेटी आणि फोम टाकून न देता आधी आम्हाला फोटो पाठवा. इंग्रजी माझे आहे, बाकी सगळे त्यांचे.

पुढे मी त्या दुकानातून बाहेर पडून गल्लीतल्या अनेक कारागिरांसाठी हे काम करू लागले, ते चाचांच्या भरवशावरच. पहिल्या वर्षी माझ्याकडे पेट्यांचे पैसे आगाऊ द्यायला नसत. त्यांनी माल पोचेपर्यंत बिल मागितले नाही. त्यांच्या बिलात प्लायवुड, स्क्रू, फोम, मजुरी असे चार आकडे असत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत कारागिरांचे सत्कार झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मला त्या गर्दीत चाचा दिसत होते, मागच्या रांगेत, शेजारच्या माणसाला काहीतरी समजावत.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून टाकली, भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर गेला आणि टपाल खात्याने तिकडची पार्सले काही आठवडे थांबवली. ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू झाली. त्या मधल्या दिवसांत मी चाचांकडे गेले होते. मुलाने बांधलेली एक पेटी ओसरीवर होती आणि ते कमानींवरून हात फिरवून मापे पाहत होते. मी त्यांना सगळे सांगितले. तयार झालेले दोन तंबोरे या करामुळे अडकले आहेत, कर केवढा बसेल, गिऱ्हाइके काय म्हणतील. त्यांनी ऐकून घेतले.

"आधी सांगितलंस ना त्यांना?"

सांगितले होते. एकाने पैसे परत मागितले, ते मी त्याच आठवड्यात पाठवले. दुसरी बाई थांबली होती. चाचांनी विचारले, तिचा सूर कुठला. मी सांगितले, काळी चार. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि तिच्या पेटीचे माप पुन्हा एकदा घ्यायला सांगितले.